खाचेत बसलेली गोळी

अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, सावेडी उपनगरात आषाढाचा वारा दाखल झाला आहे. दुकानदारांनी आपापल्या पाट्या तारेने आवळून घ्याव्यात, टोपीवाल्यांनी टोपी धरून चालावे, आणि ज्यांना आठवणींचा त्रास आहे त्यांनी पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्याव्यात. हुकमावरून. हुकूम कुणाचा, हे विचारू नये. वाऱ्याचाच.

मी गंमत करतोय असं वाटेल. करतोयच. गेली कित्येक वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे आणि समोर सगळी दुखरी माणसं. गंमत केली नाही तर दिवस ढकलणार कसा? पण या वाऱ्याची गंमत मला अजून जमत नाही. तो सुटला की मी आवाज चढवून बोलायला लागतो. भित्रा माणूस अंधारात शीळ घालतो ना, तसा.

बाहेरच्यांना हा वारा समजावून सांगावा लागतो. पाऊस तिकडे पश्चिमेला, आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात सगळा सांडून येतो आणि आमच्याकडे नुसती रिकामी पिशवी झटकतो. आभाळ भरतं, काळं होतं, भर दुपारी दुकानात दिवे लावावे लागतात. वाटतं, आता कोसळणार. आणि ते सगळे ढग आपल्या डोक्यावरून, आपली ओळखसुद्धा न देता, पाथर्डीकडे निघून जातात. तिथेही पडत नाहीत म्हणे. पुणे रस्त्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या तेवढ्या गरागरा फिरत असतात. शहराचं नाव कागदोपत्री बदललं, बोलण्यात अजून नगरच आहे. आणि वारा दोन्ही नावांना सारखाच झोडपतो.

आज सकाळी दुकानाच्या पाटीने पहिला ठोका दिला आणि मला तो आषाढ आठवला. माझी मुलगी तेजश्री एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती तो.

आमचं दुकान पुढे आणि घर मागे. मध्ये एक अंधारी खोली, औषधांचे खोके ठेवायची. तेजूने त्या खोलीत, खोकल्याच्या औषधाच्या पेट्या सरकवून, एक टेबल आणि कॉम्प्युटर मांडला होता. कॉम्प्युटर असा तापायचा की त्याच्या मागे पापड वाळले असते. माझ्या पत्नीने, सुमनने, एकदा वाळवून पाहिलेही होते.

"काय करतेस गं दिवसभर इथं?" मी विचारलं.

"पप्पा, तुमच्या दुकानातली औषधं डीएनएपाशी नेऊन बसवून बघतेय."

डीएनए मला शाळेत शिकवलं होतं. मी ते परीक्षेत लिहून तिथेच ठेवून आलो होतो. तेजूने चेहरा वाचला. "चऱ्हाट बघितलंय ना? दोन पेडांचं, पीळ घातलेलं? पिळामुळे त्याला दोन खाचा पडतात. एक रुंद, एक अरुंद. काही औषधं त्या अरुंद खाचेत जाऊन अशी बसतात की हलत नाहीत. मग त्या चऱ्हाटाची नक्कल निघणं अवघड होतं. कॅन्सरच्या पेशीला सारख्या नकला काढायच्या असतात. जुन्यातलंच एखादं औषध खाचेत नीट बसणारं सापडलं, तर नव्या कामाला लावता येईल."

"म्हणजे पेन्शनीत गेलेल्यांना पुन्हा नोकरी."

"तसंच काहीतरी. पण आधी कॉम्प्युटरवर बघायचं. सगळी औषधं खरोखर बाटलीत घालून बघायला आयुष्य पुरणार नाही."

मला हा खेळ भयंकर आवडला. गिऱ्हाईक नसलं की मी मधल्या दारात उभा राहून भालदारासारखा ओरडायचो, "पित्ताची गोळी दरबारात हजर होत आहे हो!" तेजू हसत हसत त्या गोळीच्या रेणूचा सांगाडा पडद्यावर आणायची. डीएनएचा एक छोटा तुकडा आधीच तयार असायचा, रंगीत फितींचा, डौलदार. त्याच्या आजूबाजूला चिकटलेलं पाणी ती आधी काढून टाकायची. हिशेब सोपा होतो म्हणे. मी म्हटलं, आमच्या जिल्ह्यात पाणी काढून टाकणं हा काही प्रयोग नव्हे, ती वहिवाट आहे. मग ती खाचेभोवती एक न दिसणारी चौकट आखायची आणि यंत्राला सांगायची, बसव.

यंत्र त्या गोळीला उलटं करायचं, आडवं करायचं, कुशीवर वळवायचं, डोकं आत घालून बघायचं, पाय आत घालून बघायचं. बसच्या शेवटच्या सीटवर जाड माणसाने जागा शोधावी तसं. शेवटी एक आकडा यायचा. उणे अमुक. जितकं जास्त उणं तितकी घट्ट बैठक. उणं असण्याचं कौतुक होणारी ही जगातली एकमेव जागा असावी.

पित्ताची गोळी जेमतेम टेकली. तापाची घसरली. एक खाजेचं औषध बरं बसलं, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. बाहेर पाटी वाजत होती, आत पंखा घुमत होता, आणि मी माझ्या कपाटातल्या एकेका जुन्या मित्राला त्या काळ्या पडद्यावर पाठवत होतो. त्यांची अशी आतून तपासणी मी कधी पाहिली नव्हती. आपल्याच गल्लीतल्या लोकांना वेशीवर उभं करून कुणी झडती घेतंय आणि आपण हसतोय, असं मला एकदा क्षणभर वाटलं. पण मी तसं बोललो नाही. मजा चालू होती.

आता सुमनबद्दल सांगितलं पाहिजे.

सुमनला आमवात. त्याच्या काही वर्षं आधी तिची बोटं अशी सुजली होती की अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. सकाळी तिला स्वतःच्या केसांना तेल लावता येत नव्हतं. मग सांध्यांच्या डॉक्टरांनी एक जुनी गोळी दिली. नाव सांगत नाही; सांगितलं तर तुमच्यापैकी कुणीतरी आजच आपली पाकिटं केरात टाकेल, आणि ते पाप मला नको. मूळची ती दुसऱ्याच आजारासाठी जन्मलेली, पुढे सांध्यांना लागू पडली. हळूहळू सुमनचे हात परत आले. आणि त्यांच्याबरोबर आमच्या घरात सकाळचा एक आवाज परत आला. भाकरी थापण्याचा. थप, थप, थप. दुकानाचं शटर मी त्या तालावर उघडायचो. घड्याळ बंद पडलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं.

त्या दुपारी आभाळ इतकं खाली आलं होतं की समोरच्या बंगल्याची गच्ची दिसेना. गिऱ्हाईक नव्हतं. मी दारात जाऊन ललकारी दिली, पण तेजू हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती.

पडद्यावर तो रंगीत पीळ होता आणि त्याच्या अरुंद खाचेत एक हिरवी आकृती. बाकीच्या गोळ्या आल्या होत्या त्या पाहुण्यासारख्या, काठावर टेकून. ही तशी नव्हती. ही पाय पसरून, पाठ टेकून, घरच्यासारखी बसली होती. खाचेचं वळण आणि तिचं वळण एकच. मला विंचू आठवला. दगड उचलल्यावर तो असाच दिसतो, त्या फटीसाठीच घडवल्यासारखा.

"आकडा?" मी विचारलं.

"सगळ्यात जास्त. आत्तापर्यंतचा."

तिने तिच्या कॉलेजातल्या मॅडमना फोन लावला. फोनमधला आनंद मला बाहेर ऐकू येत होता. "अगं तेजश्री, किती सुंदर! हेच तर शोधत होतो आपण!" तेजू म्हणत होती, "हो मॅडम. एकदम घट्ट. डीएनएच्या खाचेत पूर्ण आत." आणि तिने गोळीचं नाव उच्चारलं. उच्चारलं आणि तिचा आवाज मध्येच बसला. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"पप्पा, ही आईची गोळी आहे."

माझ्या तोंडात तेव्हा एक विनोद तयार होता. तो मी गिळला. एकाच आकड्याला कॉलेजात टाळ्या पडल्या होत्या आणि आमच्या घरात, स्वयंपाकघरापासून तीन पावलांवर, त्याच आकड्याने लेकीचा आवाज बसवला होता. कॅन्सरच्या पेशीत शिरली तर औषध. मग धडधाकट पेशीत शिरली तर काय?

स्वयंपाकघराच्या दारात सुमन चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"काय बसलं गं? कुठं बसलं?"

"काही नाही आई, कॉम्प्युटरचं आहे."

"मला येडी समजू नको. माझ्या पाकिटावर नाव हाय त्या गोळीचं. रोज वाचते मी."

मग तेजूला सांगावंच लागलं. चऱ्हाट, पीळ, खाच. प्रत्येक पेशीत असतं, आपला सगळा नमुना त्यात लिहिलेला असतो. सुमन शांतपणे ऐकत होती. तिचं माहेर शनिशिंगणापूरच्या शेजारचं. तिच्या लहानपणच्या घराला चौकट होती आणि दार नव्हतं. कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावायचे, तेवढंच. आमच्याकडे नवी नवी आली तेव्हा तिला कडी लावायची सवय करायला मला वर्ष लागलं होतं.

"म्हंजे आमच्या माहेरागत," ती म्हणाली. "चौकट हाय, दार न्हाई. कुणीबी आत यावं."

"कुणीही नाही गं आई. आकार जुळावा लागतो."

"चोराचा बी जुळतोच की." तिने कप खाली ठेवले. "पर आमच्याकडं आत शिरणाऱ्यावर शनिदेवाची नजर असती. चोरी केली तर तो बघून घेतो. इथं आतमधी राखण कोण करतं?"

वाऱ्याने पाटी एकदा जोरात आपटली. पदव्या घेतलेली मुलगी पडद्याकडे बघत राहिली, औषधं विकणारा बाप चहाच्या कपाकडे.

मग आषाढी एकादशी आली.

चातुर्मासात आमच्याकडे प्रत्येकाने काहीतरी सोडायचं असतं, कार्तिकीपर्यंत. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी दुपारची झोप. मी दर वर्षी न चुकता पडवळ सोडतो. मला पडवळ आवडत नाही. माझ्या या कठोर तपश्चर्येचं घरात कुणाला काडीचं कौतुक नाही. त्या वर्षी तेजूने आइस्क्रीम सोडलं आणि सुमनकडे बघून आम्ही वाट पाहत राहिलो.

"माझा नेम यंदा मनातला," ती म्हणाली. "सांगायचा न्हाई. सांगितला की फळत न्हाई."

"मला सोडलंस की काय?" मी छातीवर हात ठेवून विचारलं.

"तुमाला सोडायला एकादशी कशाला लागती? कुटला बी दिवस चांगला."

आम्ही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि मान खाली जाते. कारण त्यानंतर आम्ही दोघांनी तिच्या नेमाचा खेळ मांडला. ती काय खात नाही, काय करत नाही, यावर टेहळणी. तेजू म्हणायची, गोड सोडलंय. मी म्हणायचो, राग सोडलाय, पण मग दुपारी माझी खरडपट्टी निघायची आणि तो अंदाज बाद व्हायचा.

आषाढ सरता सरता सकाळचा आवाज थांबला. आधी एक दिवस भाकरीऐवजी खिचडी झाली. मग पोहे. मग शेजारच्या पोळ्यावाल्या बाईंकडून पोळ्या यायला लागल्या. मी शटर उघडताना थबकायचो. थप थप नाही. नुसता वारा. मी तेजूला विजयी मुद्रेने म्हटलं, "सापडला! तुझ्या आईनं भाकरी सोडलीय. नगरच्या बाईनं बाजरीची भाकरी सोडायची म्हणजे काय तप आहे बघ!"

तिने बांगड्या उतरवल्या. आम्ही म्हटलं, नेम कडक दिसतोय. ती कप दोन्ही तळव्यांत धरून चहा प्यायला लागली, बोटं न मिटता. मला त्यात तीर्थ घेण्याचा भाव दिसला. देवापुढे बसली की बराच वेळ उठायची नाही. आम्ही म्हटलं, किती तल्लीन झालीय. विचारलं की म्हणायची, "बरी हाय मी. नेम हाय माझा." आणि नेम म्हटलं की आमच्या घरात पुढचं विचारायचं नसतं. दुकानात रोज कुणी ना कुणी बोटं दाखवतो, मी लांबूनच सांगतो, आमवात दिसतो, डॉक्टरांना दाखवा. घरातली बोटं मला दिसली नाहीत. त्यांच्यावर भक्तीचा रंग चढवून ठेवला होता ना आम्ही.

त्याच दिवसांत एक नाना यायचे, केडगावच्या पुढच्या वस्तीवरचे, गुडघेदुखीची गोळी न्यायला. एकदा मी पाकीट हातात घेऊन थांबलो. ही गोळीसुद्धा आम्ही पडद्यावर पाठवली होती. कुठे बसली होती बरं?

"काय ओ शेठ, गोळीकडं सापागत बघताय?" नाना म्हणाले. "डुप्लिकेट बिप्लिकेट आली का काय?"

"नाही हो नाना. चांगली आहे."

"मंग द्या की. गुडघा माझा दुखतोय, तोंड तुमचं वाकडं."

मी दिली. ते गेले. वारा त्यांच्या धोतराला मागे ओढत होता आणि ते पुढे वाकून चालत होते.

श्रावणातल्या एका सकाळी सुमनने तेजूला हाक मारली, "दिवा लाव गं तेवढा." आजवर देवापुढचा दिवा तिने दुसऱ्या कुणाला लावू दिला नव्हता. तेजू गेली. काडेपेटी जमिनीवर पडली होती, भोवती विझलेल्या, मोडक्या काड्या. तिने दिवा लावला आणि उजेडात तिला दिसलं. देव्हाऱ्यात, विठोबाच्या पायापाशी, गोळ्यांची पाकिटं. एकावर एक, नीट रचलेली. एकही गोळी काढलेली नाही. प्रत्येकावर हळद आणि कुंकवाचं एकेक बोट.

"पप्पा!" अशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि पुन्हा ऐकायची नाही.

सुमन भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीवर उलटे ठेवलेले. आता भक्ती नव्हती, काही नव्हतं. नुसती सुजलेली, तांबूस, वाकू पाहणारी बोटं होती.

"आई, तू गोळी सोडलीस?"

"तूच म्हनालीस ना, आत जाऊन बसती. नमुन्यापाशी. म्हटलं, तुला सांगितलं तर तू अभ्यास सोडून रडत बसशील. देवालाच दिली. आपन होऊन सोडली की तो राखण करतो."

"ते फक्त चित्र होतं आई!"

"चित्र हुतं तर तुजा आवाज का बसला हुता फोनवर?"

तेजू रडत रडत उठली, आईला धरून मधल्या खोलीत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. "थांब. तुला दाखवते मी. हे यंत्र कुणालाच नाही म्हणत नाही. काहीही दे, कुठेतरी बसवतंच. पप्पा, काहीतरी साधं सांगा. रोज खातो असं."

"साखर," मी म्हणालो. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात दुसरं काय सुचणार?

तिने साखरेचा रेणू आणला. तेच पाणी काढलेलं चऱ्हाट, तीच चौकट. यंत्राने साखरेला उलटं केलं, आडवं केलं, आणि खाचेत बसवलं. आकडा आला. गोळीइतका नव्हता, पण होता. चांगला सणसणीत उणे.

"बघ! बघ आई! साखरसुद्धा बसली! याला फक्त बसवता येतं. खऱ्या पेशीत तिथवर काही पोचतं का, पोचलं तर टिकतं का, पाण्यातून वाट काढतं का, यातलं काही याला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं त्याला."

सुमनने मान पुढे करून पडद्यावरचा आकडा बघितला. मग हळूच म्हणाली, "मंग आता साखर बी सोडू का?"

मी हसलो. तेजू डोळे पुसता पुसता हसली. सुमन हसली नाही. तिने खरंच विचारलं होतं. आणि आमचं हसणं संपल्यावर मला कळलं की त्या साखरेने काहीच मिटवलं नव्हतं. यंत्र प्रत्येकाला हो म्हणतं, एवढंच सिद्ध झालं. पण प्रत्येकाला हो म्हणणारा माणूस एखाद्या वेळी खरंही बोलून जातो. ते कधी, हे कसं ओळखायचं?

सांध्यांच्या डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट बघितले. एका बोटापाशी थांबले. तेजूने त्यांना सगळं सांगितलं, स्वतःला एकही शब्द सवलत न देता. ते रागावले नाहीत.

"तुझं चित्र मी खोटं म्हणत नाही," ते म्हणाले. "पण चित्रातली गोळी आणि पोटात गेलेली गोळी यांच्यामध्ये फार लांबचा रस्ता आहे. ही गोळी आम्ही फार वर्षं देतोय. रक्त तपासतो, डोळे तपासतो, लक्ष ठेवतो. आणि ती बंद केल्यावर काय होतं, त्याला कॉम्प्युटर नको. हे बघा. हे बोट आता पूर्ण सरळ होईल असं मला वाटत नाही. आणखी थांबलात तर बाकीचीही त्याच्या मागे जातील."

"म्हंजे राखण तुमी करता?" सुमनने विचारलं.

डॉक्टर जरा गोंधळले, मग म्हणाले, "करतो. जमेल तेवढी."

रिक्षात बसल्यावर ती तेच पुटपुटत होती. "जमेल तेवढी." समोरून वारा असा येत होता की रिक्षाचा पडदा फडफडून तिच्या तोंडावर आपटत होता, आणि तिला तो हाताने बाजूला करता येत नव्हता. मी धरून ठेवला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "गोळी घेईन. पर कार्तिकीनंतर. देवाला बोललेला नेम हाय."

मी सगळी अस्त्रं काढली. म्हटलं, औषधाला नेम लागत नाही. म्हटलं, तुझ्याऐवजी मी पडवळ खातो, रोज खातो, देव मान्य करेल. तेजूने पाय धरले. सुमन ढिम्म. कार्तिकीपर्यंत म्हणजे अख्खा भादवा, आश्विन, दिवाळी. मी तिच्या हातांकडे बघायचो आणि डॉक्टरांचं वाक्य आठवायचो. बाकीचीही त्याच्या मागे जातील. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मीसुद्धा. दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, शेठ, तब्येत बरी आहे ना?

तेजूने तिच्या प्रबंधात तो साखरेचा प्रयोग घातला. मॅडम आधी नाखूश होत्या. एवढा सुंदर आकडा आणि त्याच्या शेजारी साखर! मग त्यांनीच तो राहू दिला. आता ती पुण्यात असते, हेच काम करते. आता पाणी काढत नाही म्हणाली, पाण्यासकट बघते, आणि यंत्राला फार दिवस लागतात. परवा फोनवर मी विचारलं, "मग आईची गोळी बसते का गं शेवटी?" ती म्हणाली, "पप्पा, कधी बसते, कधी सुटते. नक्की सांगता येत नाही." म्हणजे अजूनही कुणाला ठाऊक नाही. मी रोज काउंटरवरून पाकिटं सरकवतो. लोक घेऊन जातात, पाण्याबरोबर गिळतात, आणि त्या आत उतरतात, जिथे चौकट आहे आणि दार नाही. बहुतेक जणांचं दुखणं थांबतं. मी बहुतेक म्हणतो. पूर्वी मी हा शब्द वापरत नव्हतो.

तर ती सकाळ सांगायची राहिली. त्या वर्षीचा श्रावण संपत आला होता. मी शटरच्या कुलपाला किल्ली लावली आणि मागून आवाज आला. थप.

मी थांबलो. खूप वेळाने दुसरा. थप. मग काहीच नाही.

मी आत गेलो. तेजू आधीच दारात उभी होती. सुमन परातीपुढे बसली होती. बाजरीचं पीठ तिने मळलं होतं, कसं ते देव जाणे. समोर एक भाकरी, कडेने फाटलेली, मध्ये बोटांच्या ऐवजी मनगटाने दाबल्याच्या खुणा. ती उचलायला गेली आणि भाकरी दुभंगून परातीत पडली. तिने पुन्हा गोळा केला. पुन्हा दाबला. पुन्हा फाटला. मी पुढे व्हायला लागलो तर तेजूने माझा सदरा धरला.

भाकरी तिसऱ्यांदा पडली तेव्हा सुमन उठली. पिठाच्या हातांनी भिंत धरून देव्हाऱ्यापाशी गेली. वरचं पाकीट घेतलं. बोटांनी गोळी निघेना, तेव्हा तिने पाकीट दातांत धरलं आणि त्याचा चंदेरी कागद फाडला. हळदीकुंकवासकट. तांब्या दोन्ही मनगटांत धरून पाणी प्यायली. गिळताना तिने डोळे मिटले नाहीत. विठोबाकडे रोखून बघत होती. तो कमरेवर हात ठेवून उभा होता, नेहमीसारखा.

आम्हाला वाटलं ती क्षमा मागेल, किंवा निदान नमस्कार करेल.

"तुजं बरं हाय रं," ती ओरडली, "कमरेवर हात ठिवून नुसतं हुबं ऱ्हायचं! मला भाकरी थापायच्यात!"